दारावरचं पांढरं

१

चोरीला गेलेलं चित्र आपल्या खिळ्यावर मजेत टांगलेलं असावं आणि तरीही त्याच्या चोरीवरून बोभाटा व्हावा, असा प्रकार मी तरी पहिल्यांदाच पाहिला. त्यातून चोर म्हणून नाव आलं ते आमच्यातल्याच एका मुलीचं. म्हणून हे सगळं सविस्तर सांगायला बसलो.

आमचा ‘कृष्णाकाठ कलाकोश’ इंटरनेटवर आहे. त्याचं कार्यालय म्हणजे साताऱ्यातल्या माझ्या घराची वरची खोली, एक टेबल, एक संगणक आणि संपादक या नात्याने मी, सौमित्र. सातारा-सांगलीकडच्या चित्रकारांवर आम्ही फुकट लिहितो, लोक फुकट वाचतात, आणि चुका मात्र हक्काने काढतात. एरवी मी चिडखोर माणूस, पण या कोशावर कुणी बोट ठेवलं की जास्तच चिडतो.

आणि त्या सकाळी वकिलामार्फत नोटीस आली. पाठवणारे सांगलीचे हळदीचे व्यापारी सम्मेद चौगुले. त्यांचे वडील शांतिनाथ चौगुले हे आमच्या भागातले मोठे आधुनिक चित्रकार. ते जाऊन बरीच वर्षं झाली. ‘परसदार’ हे त्यांचं सगळ्यात गाजलेलं चित्र त्यांच्या सांगलीच्या घरात आहे, आणि त्याची तळहाताएवढी प्रतिमा आमच्या कोशातल्या लेखात आहे. सम्मेदभाऊंचं म्हणणं असं, की महाबळेश्वरच्या एका हॉटेलने खोल्याखोल्यांतून ‘परसदार’ची भलीमोठी छापील प्रत लावली आहे, ती कलाकोशावरून उचललेली आहे, आणि आमच्या लेखिका ब्राह्मी मगदूम यांनी ती मोठ्या आकारात पुरवली आहे. लेखातलं चित्र काढा, नाहीतर कोर्टात या.

ब्राह्मी सांगलीत चित्रकला शिकवते. शांतिनाथ गुरुजींची ती शेवटची विद्यार्थिनी. ‘परसदार’वरचा लेख तिने असा लिहिला आहे, की चित्रकलेत काही न कळणारा माणूसही तो वाचून दोन मिनिटं गप्प बसतो.

आमच्या विश्वस्तांना कोर्ट हा शब्द ऐकूनच घाम फुटला. रविवारी बैठक बोलावली. ठराव आधीच टाइप होऊन आला होता. ब्राह्मीचं नाव कोशातून काढायचं, तिचा लेख काढायचा, आणि यापुढे साऱ्या आधुनिक चित्रकारांची चित्रं काढून टाकायची. म्हणजे चित्रकारांचा कोश, आणि त्यात चित्र एकही नाही. मी तो ठराव वाचला आणि उमाताईंना फोन लावला.

उमाताई माझी आतेबहीण, माझ्याहून मोठी. विमा कंपनीत तिने आयुष्यभर दाव्यांच्या चौकशा केल्या. माणूस खरंच मेला का, दुकान खरंच जळलं का, हे ती लोकांच्या ओट्यावर बसून, चहा पीत शोधून काढायची. आवाज कधी चढवायची नाही. फक्त एकच प्रश्न तासाभराने पुन्हा विचारायची.

ती आली, नोटीस वाचली आणि म्हणाली, “आधी मला सांग, दुसऱ्याचं चित्र तुम्ही न विचारता वापरताच कसं?”

मला हा विषय आवडतो, त्यामुळे मी सुरू झालो. चित्रकार गेल्यावरही साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतात. पण एखाद्या चित्राबद्दल गंभीरपणे लिहायचं, त्याची समीक्षा करायची, तर ते चित्र वाचकाला दिसायला हवं. तेवढ्यापुरती कायदा मोकळीक देतो. त्याला न्याय्य वापर म्हणतात. त्यावर आमच्या कोशाचे स्वतःचे नियम आहेत, आणि ते मीच केलेत. एका लेखात एकच चित्र. तेही इतकं लहान, की कुणाला ते छापून विकता येऊ नये. आणि लेखात त्या चित्राबद्दलच बोललेलं असलं पाहिजे, नुसती शोभा म्हणून चित्र लावायचं नाही.

“मग एवढ्याशा चित्रावरून हॉटेलवाल्याने भिंतभर चित्र कसं छापलं?” तिने विचारलं.

“नाहीच छापता येणार,” मी छाती काढून म्हणालो, “म्हणून तर ही नोटीस खोटी आहे.”

ती उठली. चप्पल घालून गाडीपाशी जाऊन उभी राहिली.

२

महाबळेश्वरात पाऊस ओसरला होता, पण हॉटेलांच्या भिंतींवर अजून ओल होती. वीरधवल मोरे यांचं हॉटेल नवंकोरं, दरीच्या बाजूला. मालक तरणाबांड, हसतमुख, बोलायला मोकळा. आम्ही कोण हे कळल्यावर हसू थोडं कमी झालं, पण स्ट्रॉबेरीचं सरबत आलंच.

तो आम्हाला खोल्या दाखवत हिंडला. प्रत्येक पलंगाच्या वर तेच चित्र. परसातल्या पायरीवर एक तरुण बाई बसली आहे, मांडीवर सूप, मागे अर्धं उघडं दार, दाराच्या आतला काळोख, आणि दाराच्या फळीवर काहीतरी पांढरं. मी ते चित्र इतक्या मोठ्या आकारात कधी पाहिलं नव्हतं. खरं सांगतो, राग विसरून मी बघतच राहिलो.

“कुठून मिळालं?” उमाताईंनी विचारलं.

“आवं ताई, नेटवर हाय की समदं. ह्या सरांच्याच कोशात. म्हटलं, कोशात हाय म्हंजे समद्यांचंच हाय.”

मी म्हणालो, ते इतकं लहान आहे की पोस्टकार्डावर छापलं तरी फुटेल. त्यावर तो शांतपणे म्हणाला, की मिरजेच्या छपाईवाल्याने ते एआयला घालून मोठं करून दिलं. हल्ली नखाएवढा फोटो दिला तरी मशीन भिंतीएवढा करून देतं, नसलेलं सुद्धा भरून काढतं. माझी छाती जिथे होती तिथे परत आली. माझा एकुलता एक मुद्दा त्या सरबतात विरघळला.

उमाताई मात्र पलंगाच्या कडेला बसून चित्राकडेच बघत होती. तिने त्याला विचारलं, की पाहुण्यांनी या चित्राबद्दल विचारलं तर तो काय सांगतो.

वीरधवलचा चेहरा फुलला. “लय लोक इचारत्यात. मी सांगतो, हे आपल्या सांगलीचं परसदार. बाई पाखडाय बसल्यात, मागं दारावर पांढरं फडकं वाळाय घातलंय. काय नाय, नुसतं घर हाय. पर बघितलं की माणूस निवांत व्हतो.”

“छान सांगितलंत,” उमाताई म्हणाली. “कोशातला लेख वाचलात का?”

“व्हय तर. समदा वाचला.”

मग तिने हॉटेलाच्या धंद्याची, टॅक्सीवाल्यांची, त्याच्या आईची चौकशी केली. आई मूळची पलूसजवळच्या कुंडलची, हे ऐकून तिने कुंडलच्या द्राक्षांवर थोडी गाडी वळवली. निघताना जिन्यात थांबून तिने पुन्हा विचारलं, “लेख वाचलात म्हणालात ना? पुरता?”

“पुरता वाचला, ताई,” तो म्हणाला, पण या वेळी आमच्याकडे न बघता.

घाट उतरताना ती म्हणाली, “सौम्या, ब्राह्मीच्या लेखात त्या दारावर काय आहे?”

“लसणाची माळ,” मी म्हणालो. “अर्धा लेख त्या लसणावरच आहे. एका जैन चित्रकाराने आपल्या घराच्या दारावर लसूण का टांगला, आणि त्या पांढऱ्याने सगळं चित्र कसं तोलून धरलंय, यावर.”

“आणि चित्राखालच्या ओळीत?”

“तिथेही तेच. ‘परसदार, दारावर लसणाची माळ.’”

“मग ज्याने सगळा लेख वाचला,” उमाताई म्हणाली, “तो फडकं का म्हणाला?”

३

दुसऱ्या दिवशी आम्ही सांगलीत ब्राह्मीच्या घरी होतो. ती दाराशीच म्हणाली, की नाव काढायचं तर काढा, पण लेख राहू द्या. मी म्हणालो, कुणीही काहीही काढत नाहीये. विश्वस्तांचा ठराव माझ्या खिशात होता, तो मी आणखी आत सरकवला.

तिच्याकडे त्या चित्राच्या पहिल्या प्रदर्शनाचं जुनं कॅटलॉग होतं. कोशातली लहान प्रतिमा तिने त्यावरूनच घेतली होती. कॅटलॉग पिवळं पडलं होतं, पण छपाई सुरेख. त्या पानावर ‘परसदार’ स्पष्ट होतं. दाराच्या खिळ्याला लसणाची माळ, गड्डा न् गड्डा वेगळा दिसणारा.

उमाताईंनी हॉटेलातल्या चित्राचा मोबाइलवर काढलेला फोटो त्याच्या शेजारी ठेवला.

बाई तीच. सूप तेच. दार तेच. खिळाही तोच. पण खिळ्याला लसूण नव्हता. तिथे एक पांढरं सुती फडकं होतं, दुहेरी घडी केलेलं, एका कोपऱ्याला गाठ, आणि खालच्या टोकाशी ओलसर करडी छटा.

मग मी आमच्या कोशातली प्रतिमा उघडली. तिच्यात दारावर नुसता एक पांढरा ठिपका दिसत होता. लसूण म्हणा, फडकं म्हणा, मोगऱ्याचा गजरा म्हणा, काहीही शोभलं असतं. चित्र लहान ठेवायचा माझा नियम इतका चोख पाळलेला बघून मला स्वतःचाच राग आला.

“मग मशीननेच ठिपक्याचं फडकं केलं असेल,” मी म्हणालो. “वीरधवल खरं बोलतोय.”

ब्राह्मीने लगेच करून पाहिलं. लहान प्रतिमा तसल्याच एका एआयला घातली. मशीनने चित्र मोठं केलं आणि दारावर पांढऱ्या फुलांचा घोस लावला. दुसऱ्यांदा घातली तर कागदी कंदील आला. बाईच्या हाताला सहावं बोट फुटलं ते वेगळंच.

“मशीन टॉवेल सुद्धा करील एखाद्या वेळी,” उमाताई म्हणाली. “पण हे टॉवेल आहे का? ब्राह्मी, तू सांग. तुझ्या घरात असं फडकं कशाला वापरतात?”

ब्राह्मीने फोटो बोटांनी मोठा केला. मग हळूच म्हणाली, “हे गाळणं आहे. पाणी गाळायचं.”

जैन घरात पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत. दुहेरी कापडातून पाणी गाळायचं, कापडात अडकलेले बारीक जीव मरू नयेत म्हणून ते हळुवार उलटं करून थोड्या पाण्याने पुन्हा मूळ पाण्यातच सोडायचे, आणि मग कापड वाळत घालायचं. ब्राह्मीची आजी करायची, आई अजून करते. गाठ मारलेला कोपरा कोणता आणि गाळायची बाजू कोणती, हे घरातल्या मुलीला न सांगता कळतं. मशीनला कोण सांगणार?

“म्हणजे हॉटेलवाल्याचा फोटो कोशावरून आलेला नाही, कॅटलॉगवरूनही नाही,” उमाताई म्हणाली. “तो मूळ चित्राचा आहे. आणि मूळ चित्रात आता लसूण नाही. कुणीतरी त्याच्यावर रंगवलंय. ज्याला रंग कळतात, आणि ज्याला गाळणं कळतं, अशाने.”

कोपऱ्यात ब्राह्मीचा स्टँड होता, त्यावर अर्धवट चित्र, तेलाचा वास. ती जैन. ती चित्रकार. गुरुजींच्या घरात तिचं येणं-जाणं. क्षणभर माझ्याही मनात नको ते आलं.

तिने ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं. “मला येतं तसं रंगवायला,” ती म्हणाली. “गुरुजींच्या माघारी त्या घरात हातात ब्रश धरता येणारी मी एकटीच होते, असं सगळे म्हणतील.”

४

चौगुल्यांचं घर पेठेच्या मागे. पुढे हळदीचा गाळा, मागे राहती जागा. हळदीचा वास कपड्यांत बसतो, तो मला घरी गेल्यावरही आला. ब्राह्मीला आम्ही सोबत घेतलं होतं. सम्मेदभाऊंनी तिच्याकडे बघितलं नाही, पण बसा मात्र तिघांनाही म्हणाले. सांगलीत भांडण वेगळं आणि बसा म्हणणं वेगळं.

ते सरळ माणूस. श्रावणात ऑफ सीझनला दर कमी म्हणून व्यापाऱ्यांचा मेळावा महाबळेश्वरला झाला, तिथे पलंगावर वडिलांचं चित्र बघून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “माझी आई हाय त्या चित्रात,” ते म्हणाले. “लोक तिच्याखाली लोळत्यात, चहा पीत्यात. तुमाला कसं वाटलं असतं?” मलाही तसंच वाटलं असतं. वीरधवलने कोशाचं नाव सांगितलं, कोशात ब्राह्मीचं नाव दिसलं, तेव्हाच त्यांनी तिला फोनवर नको ते सुनावलं आणि तिचं घरी येणं बंद केलं. नोटीस आता आली.

उमाताईंनी त्यांना विचारलं, घरातलं चित्र कुठे आहे. आईच्या खोलीत. त्याचा फोटो कुणी काढलाय का. कोण काढणार? आईच्या खोलीत कोण जातंय? चित्रात दारावर काय आहे.

“दारावर?” सम्मेदभाऊ विचारात पडले. “पांढरं कायतरी हाय. टॉवेल असंल. पहिल्यापास्नं हाय की.”

“आधी काही वेगळं होतं का?”

“न्हाई हो. लहानपणापास्नं बघतोय मी ते चित्र.”

ते खोटं बोलत नव्हते. रोज बघितलेली गोष्ट माणूस बघतच नाही, हे विम्याच्या चौकशीत शंभरदा दिसतं असं उमाताई नंतर म्हणाली. सम्मेदभाऊंनी ब्राह्मीचा लेखही वाचलेला नव्हता. फक्त चित्र बघून वकील गाठला होता.

तेवढ्यात त्यांच्या आई, त्रिशलाकाकू, बाहेर आल्या. बारीक अंगाच्या, पांढरी साडी, चालण्यात अजून चपळाई. चित्रातली बसण्याची ढब मी लगेच ओळखली. त्यांनी आम्हाला पाणी दिलं आणि म्हणाल्या, “दिस मावळायच्या आत जेवून घ्या. आमच्यात नंतर चूल न्हाई.” ब्राह्मीशी त्या बोलल्या नाहीत. पण पाण्याचा तांब्या तिच्यासमोर ठेवताना त्यांचा हात थांबला, हे उमाताईंनी पाहिलं आणि मीही.

पाणी पिऊन उमाताई तांब्या ठेवायला म्हणून उठली आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. मी तिच्या मागे. दाराच्या फळीवर खिळा होता. खिळ्याला पांढरं सुती फडकं वाळत होतं, दुहेरी, एका कोपऱ्याला गाठ मारलेलं.

“काकू,” उमाताई म्हणाली, “चित्र दाखवता?”

५

खोली लहान, खिडकी पश्चिमेची. ऊन तिरपं येऊन चित्रावर पडलं होतं. दारावरच्या पांढऱ्यापाशी रंगाचा थर जरासा उंच दिसत होता, बाकी सगळीकडे सपाट. मुद्दाम बघायला आलेल्या माणसालाच दिसावं इतकं.

सम्मेदभाऊ दारात, ब्राह्मी भिंतीला टेकून, काकू खाटेवर. उमाताई खाली चटईवर बसली. तिने आवाज न चढवता सांगायला सुरुवात केली.

वीरधवलने लेख वाचलेलाच नव्हता, नाहीतर तो लसूण म्हणाला असता. त्याच्याकडे जो फोटो होता त्यात फडकं होतं, म्हणून तो फडकं म्हणाला. म्हणजे फोटो या खोलीत, या भिंतीवर काढलेला. काढू कुणी दिला? सम्मेदभाऊंनी नाही, त्यांना तर ते चित्र तिथे बघून धक्का बसला. ब्राह्मीनेही नाही. तिने लसूण पुसला असता तर लसणावर पानभर लिहून, लसणाचंच चित्र जगाला दाखवायला कशाला ठेवलं असतं? आपल्याच कामाविरुद्ध पुरावा कुणी टांगून ठेवत नाही.

“मला एकच गोष्ट सुटत नव्हती,” उमाताई म्हणाली. “ज्या घरातून हॉटेलला चित्र खुशाल दिलं जातं, त्याच घराला आमच्या कोशातला पांढरा ठिपका का खुपतो? एकाला दिलं, दुसऱ्याचं काढायचं. या दोन गोष्टी एकमेकींना छेदतात असं वाटत होतं. पण नाही. नवीन चित्र सगळ्यांनी बघावं आणि जुनं कुणाला दिसू नये, असं ज्याला वाटतं त्याच्यासाठी दोन्ही एकच आहे.”

सम्मेदभाऊ म्हणाले, नोटीस तर मी पाठवली. उमाताई म्हणाली, तुम्ही पाठवलीत, पण ज्यांना खरं ठाऊक होतं त्या गप्प बसल्या. आणि पुढे एवढंच म्हणाली, की लसूण पुसणाऱ्याने तिथे हिरवं तोरण रंगवलं नाही, काळोखही भरला नाही. पांढऱ्याच्या जागी पांढरंच ठेवलं. तिथे पांढरा का हवा, हे चित्रकाराच्या तोंडून ऐकलेलं माणूसच असं करील.

काकूंनी खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाल्या, “आमच्या घरात जल्मात कुणी लसणाला हात लावला न्हाई. आन् ह्यांनी बाजारातनं माळ आणली, दारावर टांगली, आन् मला तिच्याखाली बसवलं. चित्र झाल्यावर माळ शेजाऱ्याला देऊन टाकली. चित्रातली कुठं जातीया?”

त्या पुढे म्हणाल्या, “मी म्हटलं, तेवढं पुसा. तर म्हणले, त्रिशला, तिथं मला पांढरा पायजे. तो काढला तर चित्र एका अंगावर पडतंय. पेपरात छापून आलं, तवा सासूबाई महिनाभर माझ्या हातचं पाणी प्यायल्या न्हाईत. देवळात बाया हसायच्या. मायेनंच हसायच्या, पर हसायच्या. ते मोठे झाले, चित्र मोठं झालं, आन् मी जिथं जाईन तिथं लसणाखालची बाई.”

गुरुजी गेल्यावर वर्षभर त्यांनी चित्राकडे बघितलं नाही. मग एका दुपारी त्यांनी गुरुजींची रंगांची पेटी काढली. गुरुजींचे रंग त्याच कालवून द्यायच्या. कोणत्या पांढऱ्यात किती पिवळा घालायचा, हे त्यांच्या हाताला पाठ होतं. दारावरचं गाळणं समोर होतंच. ते बघून त्यांनी रंगवलं.

“त्यांना पांढरा पायजे होता,” काकू म्हणाल्या. “मी पांढराच ठेवला.”

वीरधवलची आई त्यांची कुंडलच्या शाळेतली मैत्रीण. गेल्या उन्हाळ्यात ती लेकाला घेऊन भेटायला आली. चित्र बघून म्हणाली, त्रिशला, किती शांत दिसतीस गं यात. चित्राकडे बघून लसणाचं नाव न काढणारं माणूस त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा भेटलं. वीरधवल म्हणाला, मावशी, हॉटेलात लावू का? त्या म्हणाल्या, लाव, पण माझं नाव कुणाला सांगू नको. तो दिलेला शब्द पाळत होता, खोटं बोलून का होईना.

“पोरीवर आळ आला, ते कळत होतं मला,” त्या ब्राह्मीकडे न बघता म्हणाल्या. “मनात आलं, तुमचं ते पान गेलं म्हंजे लसूण बी गेला. म्हणून गप बसले. पर्युषणाचं पर्व झालं, रीतीपरमाणं समद्यांची क्षमा मागितली. हिच्या दारात जायची छाती झाली न्हाई.”

सम्मेदभाऊ भिंतीवरच्या चित्राजवळ गेले आणि पहिल्यांदाच ते नीट बघू लागले. मला वाटलं होतं ब्राह्मी रडेल. ती रागावली. “ते गुरुजींचं चित्र होतं, काकू,” ती म्हणाली. “नुसतं तुमच्या घरचं नव्हतं.” तिचं बरोबर होतं. काकूंचंही बरोबर होतं, आणि ही गोष्ट मला आजही सुखाने पचलेली नाही.

ब्राह्मी चित्राजवळ गेली. नाक लावून त्या पांढऱ्याकडे बघत राहिली. परत वळली तेव्हा राग निम्मा उतरला होता. “तोच पांढरा आहे,” ती म्हणाली. “मला इतक्या वर्षांत जमला नाही.”

जेवायला बसायच्या आधी सम्मेदभाऊंनी वकिलाला फोन करून नोटीस मागे घेतली, आणि ब्राह्मीपुढे हात जोडले. मग घसा खाकरून आईला विचारलं, पानावरचं जुनं चित्र ठेवायचं की काढायचं. हक्क त्यांच्याकडे होते. न्याय्य वापर म्हणून मी ते ठेवू शकत होतो, वाद घालू शकत होतो, कलमं फेकू शकत होतो. पण त्या खोलीत मला त्यातलं काहीच करावंसं वाटलं नाही. मी एवढंच म्हणालो, की काकू, तो लसूण आता एका जुन्या कॅटलॉगात आणि आमच्या पानावर, एवढाच उरलाय.

काकूंनी ताटं मांडली. भाकरी वाढली.

ब्राह्मीने जेवण होताच मोबाइलवर लेखात एक परिच्छेद वाढवला. चित्र आधी कसं होतं, आता कसं आहे आणि कुणी बदललं. वाचून दाखवला. आता दोन पांढऱ्यांबद्दल लिहिलंय, तर वाचकाला दोन्ही दिसायला हवेत, असं म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं. एका लेखात एकच चित्र हा माझाच नियम. मी म्हणालो, लाव दुसरं, रविवारी विश्वस्तांना काय सांगायचं ते मी बघतो. आणि खिशातला ठराव काढून सम्मेदभाऊंच्या चुलीकडे बघितलं, पण चूल गॅसची होती, म्हणून नुसता फाडला.

तळहाताएवढ्या दोन प्रतिमा शेजारी शेजारी लागल्या. पहिलीखाली गुरुजींचं नाव. दुसरीखाली ब्राह्मीने लिहिलं, ‘शांतिनाथ चौगुले. दारावरचं गाळणं, त्रिशला चौगुले.’ तिने मोबाइल काकूंच्या हातात दिला.

“माझं नाव कशाला त्यात?” काकू म्हणाल्या.

“पांढरा तुमचा आहे म्हणून.”

काकूंनी चष्मा पदराने पुसला आणि पुन्हा लावला. आपलं नाव त्यांनी वाचलं. मग दोन्ही चित्रांवरून, एकावरून दुसऱ्यावर, बराच वेळ नजर फिरवली. इतक्या लहान आकारात लसूण दिसत नव्हता, गाळणंही दिसत नव्हतं, दोन्हीकडे नुसता पांढरा ठिपका होता. बाहेर दिवस मावळला होता. त्यांनी पहिल्या चित्रावर बोट टेकवलं.

“असू दे दोन्ही,” त्या म्हणाल्या. “पर खरं सांगू का गं ब्राह्मी? पांढरा त्यांचाच बरा होता.”